जुन्या गाडीचा पोचे पडलेला, गंजलेला पत्रा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीच्या जरा वर, रंगाला एक बारीकसा फोड आला होता. नखाएवढा. मी तो घासला, वर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) ओढली, स्प्रे कॅनने रंग मारला आणि फोटो काढून चार जणांना पाठवून पण दिले. आठ महिन्यांत त्याच जागी तळहाताएवढा फोड. मग मडगार्ड खोलून आतून बघितलं तर कमानीच्या घडीत वर्षानुवर्षांची माती गच्च बसलेली, ओली, आणि तिच्यामागे पत्र्याची अक्षरशः चाळण झालेली. म्हणजे मी दुरुस्त केला होता तो रंग, पत्र्याला मी हातच लावला नव्हता.

गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो आणि आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा टप्पा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा क्रम आपोआप कळतो. मी हे काम कुठे शिकलेलो नाही, चुका करत करत पाच-सहा पॅनल केलेत, त्यातलं जे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय. रंगाचा शेवटचा हात हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. आपण पत्रा नीट करून प्रायमरपर्यंत (म्हणजे रंगाखालच्या थरापर्यंत) जायचं, आणि सगळं रंगून झाल्यावर आतून मेण मारायचं, एवढंच.

१. हातोडी बाजूला ठेवा, आधी तपासा

एक छोटं चपटं लोहचुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळा म्हणजे चरे पडणार नाहीत, आणि सगळ्या गाडीवरून फिरवा. चांगल्या पत्र्याला ते झटकन चिकटतं. जिथे पकड ढिली वाटते तिथे खाली जुनी लांबी आहे आणि जिथे सरळ हातातून सुटतं तिथे लांबीचा जाड थर आहे नाहीतर कोणीतरी फायबरची जाळी लावून भोक झाकलंय. अर्थात आपली गाडी मुळात कशाची बनलीये ते आधी माहीत असू द्या. जुन्या लँड रोव्हरचे बाहेरचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात आणि कॉर्व्हेटची बॉडी तर १९५३ पासून फायबरग्लासची, तिथे चुंबक चिकटलं नाही म्हणून कोणावर संशय घेऊ नका. हा लेख साध्या लोखंडी पत्र्यापुरताच आहे.

मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टण् वाजतो, लांबी भरलेला ठप्प वाजतो, आणि गंजलेला वाजतच नाही, एक मेलेला कोरडा आवाज येतो आणि आत काहीतरी भुरभुर खाली पडल्याचं ऐकू येतं. तिथे टोच्या दाबून बघा. भीती वाटते, मलाही वाटली होती, आपणच आपल्या गाडीला भोक पाडायचं म्हणजे काय. पण टोच्या आत गेला तर ते भोक तुम्ही पाडलेलं नसतं, ते होतंच.

कुठे बघायचं? दारांचा खालचा काठ, दाराखालचे सिल, चाकांच्या कमानी, कार्पेट उचलून पायाखालचं फ्लोअर, डिकीतलं स्टेपनी ठेवायचं खळगं, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागे, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली. जिथे पाणी थांबतं आणि वारा लागत नाही तिथे. दारांना आणि सिलना खाली पाणी निघून जायला बारीक भोकं दिलेली असतात, ती मातीने किंवा डांबराच्या थराने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी होते.

अजून एक खूण. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड (ठिकठिकाणी ठिपक्यासारखा वेल्ड) केलेले असतात तिथे मधे गंज धरला तर दोन स्पॉटच्या मधला भाग उशीसारखा फुगतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पत्रे एकमेकांपासून लोटतो. असा फुगलेला जोड वरून घासून कधीच बरा होत नाही, तो खोलावाच लागतो.

प्रत्येक जागेवर खडूने खूण करा आणि त्याची प्रत ठरवा: नुसता तांबूस थर, खड्डे पडलेला, की आरपार. पहिला घासून जातो, दुसऱ्याला घासणं आणि केमिकल दोन्ही लागतं, तिसऱ्याला फक्त कापणं. वरून जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट तरी निघेल असं धरून चाला. मी तर आता तिप्पटच धरतो.

आणि इथेच ठरवा की काय स्वतः करायचं नाही. ज्या गाडीला वेगळी चासी नाही तिच्यात सिल आणि फ्लोअर हेच गाडीचा कणा असतात. सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, यांच्या आसपास आरपार गंज असेल तर ते अनुभवी वेल्डरकडे द्या. मडगार्ड, दाराची बाहेरची कातडी, डिकीचं झाकण यावर शिका, तिथे हुकलं तर फारतर वाईट दिसेल.

२. सामान

सगळं एकदम घेऊ नका. नवीन माणूस आधी दहा प्रकारच्या हातोड्यांचा सेट घेतो आणि वापरतो त्यातल्या दोन. पोच्यांसाठी एक रुंद, जवळजवळ सपाट तोंडाची बॉडी हातोडी, एक टोकदार पिक हातोडी, दोन डॉली (म्हणजे हातात धरायची छोटी ऐरण, एक सपाटशी आणि एक गोलाईची), एक स्पून (चमच्यासारखी चपटी लोखंडी पट्टी) आणि एक बॉडी कानस एवढं पुरतं. हातोडी आणि डॉलीची तोंडं आरशासारखी गुळगुळीत हवीत, त्यांच्यावर जो चरा असेल तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापला जातो. आणि साधी खिळे ठोकायची हातोडी नको, तिची कड पत्र्यात चंद्रकोरी पाडते आणि त्या काढायला मूळ पोच्यापेक्षा जास्त वेळ जातो.

कापायला ग्राइंडर, १ मिमीची कटिंग डिस्क, फ्लॅप डिस्क, तारेचा ब्रश, पत्रा कापायची कातर. स्पॉट वेल्ड काढायला त्याचा खास कटर मिळतो, साध्या ड्रिलने पण होतं पण खालचा पत्रा पण भोसकला जातो.

वेल्डिंगला मिग मशीन (ज्यात तार आपोआप पुढे येत राहते ते), ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिक्स गॅस. बिनगॅसची फ्लक्सवाली तार पातळ पत्र्यावर जरा जास्तच गरम चालते आणि शिंतोडे उडवते. कांडीचं साधं आर्क वेल्डिंग या कामाला विसरा, गाडीचा पत्रा ०.८ ते १ मिमीचा असतो, नवशिक्याच्या हातात कांडी टेकली की भोक. ठिगळासाठी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, शक्यतो मूळ पत्र्याच्याच जाडीचा. जाड घेतला तर मजबूत होईल असं वाटतं, पण वेल्ड करताना जाड बाजू तापत नाही आणि पातळ बाजू वितळून जाते.

बाकी चुंबकं, क्लॅम्प, जाड पुठ्ठा, मास्किंग टेप, मार्कर, आणि फोन. फोनने खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, पट्टी बाजूला धरून. दोन महिन्यांनी आठवत नाही की ती पट्टी वर होती का खाली. ज्या गाडीचं फॅक्टरी मॅन्युअल मिळतं तिचं मिळवाच, त्यात बॉडीची मोजमापं असतात, ती सिलच्या कामात सोन्यासारखी.

३. आग आणि फुफ्फुसं

हा भाग लोक वगळतात, म्हणून मुद्दाम इथे टाकलाय. बॅटरी काढा, अल्टरनेटर असेल तर त्याच्या वायरी सोडवा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवून लांब ठेवा, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची हे लक्षात असू द्या कारण तिच्यात वाफ असते. कार्पेट, सीट, फ्लोअरवरचे डांबरी पॅड, जुनं आतलं मेण, हे सगळं पेटतं आणि ते तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही पलीकडच्या बाजूला काळी काच लावून बसलेले असता. अग्निशामक हाताशी, पाण्याची बादली हाताशी, आणि वेल्डिंग संपल्यावर अर्धा-पाऊण तास गाडीला सोडून जायचं नाही.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो सुका घासताना साधा कापडी मास्क काही कामाचा नाही, चांगला धुळीचा रेस्पिरेटर लावा. जस्त चढवलेला पत्रा वेल्ड केला की पांढरा धूर येतो, तो छातीत गेला तर रात्री ताप भरतो, म्हणून जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर कधीही आर्क मारू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि हार्डनर मिसळून मारायचे टू-के प्रायमर आणि रंग, त्यातल्या बऱ्याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं ज्याने कायमचा दमा लागू शकतो. त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, तो नसेल तर ते काम स्प्रे बूथवाल्याला द्या.

४. रंग आणि गंज काढणं

जिथे काम आहे त्याच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त रंग काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. मोठ्या सपाट पॅनलवर, म्हणजे बोनेट, छत, दार, सँडब्लास्टिंग करून घ्यायचा मोह होतो, करू नका. वाळूचे लाखो बारीक ठोके पत्रा ताणतात आणि बोनेट कायमचं लाटेसारखं होतं. तिथे केमिकल नाहीतर हळू फिरणारी स्ट्रिप डिस्क. चासीचे जाड भाग, ब्रॅकेट यांना सँडब्लास्टिंग बेस्ट.

रंग काढताना कधीकधी जोडांवर राखाडी मऊ धातू दिसतो. ते शिसं. पॉलिएस्टरची लांबी यायच्या आधी कारखान्यातच छत आणि मागच्या पॅनलचा जोड शिशाच्या डाखाने भरून गुळगुळीत करत. त्यावर ग्राइंडर अजिबात चालवू नका, ती धूळ विषारी आहे. धड असेल तर आहे तसं ठेवा, काढायचंच असेल तर हाताने कानस मारून, मास्क लावून.

खड्ड्यांच्या गंजाला घासल्यावर पण खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके उरतात. तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं केमिकल लावायचं, ते गंजाचं फॉस्फेट करतं. डब्यावर जितका वेळ लिहिलाय तितकाच ठेवून, सांगितलं असेल तसं धुऊन, लगेच पूर्ण कोरडं करायचं. ॲसिडचा अंश राहिला आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला तर तो पुढे पापुद्र्यासारखा निघतो. रस्ट कन्व्हर्टर म्हणून मिळणारे काळे पडणारे प्रकार मला आरपार गंजावर वापरलेले दिसतात तेव्हा वाईट वाटतं, भोकाला कन्व्हर्ट करून काय करणार.

५. पोचा काढणं

पोचा आणि गंज एकाच पॅनलवर असेल तर आधी पोचा. कारण ठिगळ बसवायचं ते पॅनलच्या आकाराला, आणि आकारच चुकलेला असेल तर ठिगळ चुकीच्या आकाराला छान बसेल.

आधी पोचा वाचायला शिका. धडक बसली तेव्हा पत्रा एका ठिकाणी पहिल्यांदा आत गेला, मग तिथून सरकत गेला, आणि शेवटी कडेला एक कडक घडी किंवा उंचवटा तयार झाला. काढताना उलट क्रम: जे शेवटी झालं ते आधी सोडवायचं. नवशिका नेमकं पोच्याच्या सगळ्यात खोल जागी मागून दणका घालतो. मी पण घातला होता. त्याने मधे एक टेंगूळ येतं आणि कडेची घडी तशीच अडकून राहते. बहुतेक पोच्यात खरा मुडपलेला पत्रा थोडासाच असतो, बाकीचा त्या घडीने नुसता ओढून धरलेला असतो. घडी सुटली की बाकीचा पुष्कळदा स्वतःच टक् करून जागेवर येतो, आणि तो आवाज ऐकला की मग या कामाचं वेड लागतं.

डॉली वापरायच्या दोन पद्धती आहेत. एकीत डॉली खालून खोलगट जागी दाबून धरायची आणि हातोडी मारायची तिच्या शेजारच्या उंचवट्यावर, म्हणजे डॉलीवर नाही. उंचवटा खाली येतो, खोलगा वर येतो, पत्रा ताणला जात नाही. ऐंशी टक्के काम याच पद्धतीने करा. दुसरीत हातोडी थेट डॉलीवर पडते, मधे पत्रा, आणि टिंग आवाज येतो. याने बारीक खडबड सपाट होते पण प्रत्येक ठोक्याला पत्रा किंचित पातळ होऊन पसरतो. म्हणून शेवटी, हलक्या हाताने, मोजून. हातोडी मनगटातून मारायची, खांद्यातून नाही, ती स्वतःच्या उसळीने परत यायला पाहिजे. जोर कमी, ठोके जास्त.

कुठे उंच कुठे खोल हे डोळ्यांना कळत नाही. तळहात आणि पत्रा यांच्यामधे पातळ सुती फडकं धरा आणि हात पूर्ण सपाट ठेवून, बोटांनी नाही तर तळव्याने, लांब लांब फिरवा, पोच्याच्या बाहेरून आत येऊन पलीकडे बाहेर जाईपर्यंत. सुरुवातीला काहीच कळणार नाही, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक कागदाच्या जाडीचा फरक पण लागायला लागतो. मग बॉडी कानस तिरकी धरून हलकेच ओढा: जिथे चमक आली ती उंच जागा, जिथे कानस पोचलीच नाही ती खोल. कानसेने धातू खाऊन पॅनल सपाट करायचं नाही हां, ती फक्त दाखवायला आहे. पत्रा आधीच एक मिमीच्या आत.

मागून हात जात नसेल, म्हणजे सिल, डबल पत्र्याचे भाग, तर स्टड वेल्डरने बारीक पिना चिकटवून स्लाइड हातोडीने (दांडीवर वजन सरकवून झटका देणाऱ्या) ओढतात. पत्र्याला भोकं पाडून स्क्रू घालून ओढायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर नको म्हणा, ती सगळी भोकं उद्याच्या गंजाची दारं आहेत.

आणि जर पत्रा अंगठ्याने दाबला की आत आणि सोडला की बाहेर, डब्याच्या झाकणासारखा टक-टुक करायला लागला, तर तो ताणला गेलाय. अजून ठोकून तो बरा होणार नाही, अजून बिघडेल. त्याला आकसवायचं असतं: उंच जागी टॉर्चने नाण्यापेक्षा लहान ठिपका लालसर होईपर्यंत तापवायचा, खाली डॉली हलकी धरून ठिपक्याच्या भोवती आणि मग वर दोन-चार ठोके, आणि ओल्या फडक्याने थंड करायचं. एका वेळी एकच ठिपका, मग थांबून हात फिरवून बघायचं. माझ्या मते नवशिक्याला यापेक्षा श्रिंकिंग डिस्क बरी, गुळगुळीत स्टीलची डिस्क ग्राइंडरवर लावून घासायची, घर्षणाने फक्त उंच जागाच तापतात, मग ओलं फडकं. हळू होतं पण हातातून जात नाही.

६. गंजलेला भाग कापून ठिगळ लावणं

कापायची रेघ गंजाच्या कडेला मारू नका, चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर चांगल्या पत्र्यात जा. पातळ झालेल्या पत्र्याला वेल्ड धरतच नाही, आर्क लागला की तो गायब होतो आणि भोक वाढत जातं आणि तुम्ही त्याच्यामागे धावत राहता. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यात उष्णता आणि ताण दोन्ही साठतात. कापताना पॅनलच्या उठावाच्या कडेवरून रेघ नेऊ नका, कड एकतर पूर्ण ठिगळात घ्या किंवा पूर्ण बाहेर.

सिल कापणार असाल तर थांबा. गाडी चारही बाजूंनी सारखी टेकलेली आहे ना, एका कोपऱ्यात जॅकवर लटकत नाहीये ना, ते बघा. दाराच्या चौकटीत तिरप्या-आडव्या पट्ट्या वेल्ड करून चौकट बांधून टाका, आणि दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. हे न करता दोन्ही सिल कापले की गाडी मधे किंचित झुकते, नवीन सिल त्याच झुकलेल्या स्थितीत जाम होतो, आणि मग दार आयुष्यात कधी नीट लागत नाही.

कापून झालं की ठिगळ लावायच्या आधी आत बघा. आता तुम्हाला जी जागा दिसतेय ती परत कधीच दिसणार नाही. माती काढा, आतल्या पत्र्याचा गंज काढा, आणि जिथे पत्र्यावर पत्रा बसणार तिथे वेल्ड-थ्रू जस्त प्रायमर मारा, नेमक्या वेल्डच्या ठिकाणी मात्र घासून चमकवून.

ठिगळाचा नमुना पुठ्ठ्याचा करा. भोकावर मास्किंग टेप लावून कडेने मार्कर फिरवला आणि टेप काढून पुठ्ठ्यावर चिकटवली की नमुना तयार. पत्रा किंचित मोठा कापून हळूहळू कानसेने कमी करत आणा. फट किती? साधारण वेल्डिंगच्या तारेच्या जाडीएवढी, चारी बाजूंनी सारखी. कुठे शून्य आणि कुठे तीन मिमी असेल तर ठिगळ नवीन करा, सांगतोय ते ऐका, ती तीन मिमीची फट भरताना जी उष्णता जाते तीच पॅनल वाकवते. वक्र भाग असेल तर ठिगळाला आधी वाळूच्या पिशवीवर ठोकून तोच वक्र द्या, चुंबकाने धरून ठेवल्यावर ते स्वतःहून जागी बसलं पाहिजे, दाबून बसवायला लागता कामा नये.

ठिगळ वरून ठेवून नुसती कड वेल्ड केली तर काय होतं विचारतात. काम सोपं होतं, पण दोन पत्र्यांच्या मधे एक खाच राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि गंज पुन्हा पहिल्या पानावर. दिसणाऱ्या पॅनलवर कडेला कड जोड, फ्लोअरवर मूळचा जोड जसा होता तसा.

आता वेल्डिंग. आधी भंगारातल्या त्याच जाडीच्या पत्र्यावर दोन संध्याकाळी घालवा. मग गाडीवर कच्चे टाके: एक इथे, एक समोरच्या कडेला, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग त्यांच्या मधोमध. प्रत्येक टाका म्हणजे मिगचा एक-दीड सेकंदाचा चटका, बस. मारला की तळहात पत्र्यावर ठेवता येईल इतका थंड होईपर्यंत थांबा आणि मगच पुढचा, तोही लांबच्या जागी.

माझा एक दरवाजा यातच गेला. अर्धं ठिगळ टाक्यांनी छान बसलं होतं, मग वाटलं आता काय, ओढून टाकू, आणि दहा सेंटीमीटर सलग वेल्ड मारला. दिसायला सुंदर आला. थंड होताना माझ्या डोळ्यांसमोर दाराच्या मधोमध पत्रा आत ओढला गेला, हातभर लांब, आणि हँडलच्या खाली सुरकुती. ते दार सरळ करायला मला ठिगळापेक्षा चौपट वेळ गेला.

वेल्ड थंड होताना आकसतो, म्हणून प्रत्येक टाक्याचा उंचवटा जरा घासून खाली डॉली धरून हलकेच ठोका, म्हणजे तो परत तेवढाच पसरतो. मगाशी थेट डॉलीवर मारायचं ते मोजूनच म्हटलं ना, ती पद्धत इथे कामाला येते. टाके एकमेकांना भिडेपर्यंत हेच. घासताना पण फ्लॅप डिस्क एकाच जागी दाबून ठेवू नका, पत्रा निळा पडला म्हणजे तुम्ही परत तापवलात. शेवटी पलीकडून दिवा लावून बघा, उजेडाची टाचणीएवढी भोकं दिसतील, ती भरा.

स्पॉट वेल्डच्या जागी नवीन पॅनलला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरायची, तितक्याच संख्येने जितके स्पॉट मूळचे होते. बाजारात मिळणारं तयार पॅनल आणलं असेल तर ते बसेल असं गृहीत धरू नका. दार, बोनेट, शेजारचं मडगार्ड सगळं लावून, स्क्रूने कच्चं धरून, फटी बघून, मगच पहिला टाका.

७. लांबी

लांबीला लोक उगाच शिव्या घालतात. वाईट लांबी नसते, तिच्या खाली झाकलेलं वाईट असतं. पत्रा नीट झाला असेल तर तिचं काम एक-दोन मिमीचं, ३ मिमीच्या वर गेलात तर हातोडीकडे परत जा. गंजावर नाही, भोकावर नाही, हलणाऱ्या जोडावर नाही.

मी आधी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारून, तो वाळल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून वर लांबी लावतो. थेट पत्र्यावर लावणारे पण आहेत आणि त्यांचं पण टिकतं, पण माझ्या गॅरेजमध्ये काम महिनोनमहिने चालतं आणि उघडा पत्रा तोवर तांबूस व्हायला लागतो, उघड्या हाताचे ठसे पण उमटतात. मात्र एच प्रायमरवर (पत्रा किंचित खाऊन धरणाऱ्या ॲसिडवाल्या प्रायमरवर) लांबी लावू नका, ती सुटते.

हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के. अंदाजाने जास्त घातला तर लवकर वाळतो म्हणून खूश होऊ नका, जास्तीचा हार्डनर पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. कमी घातला तर चिकट राहते. रंग एकसारखा होईपर्यंत दाबून मिसळा, भराभर फेटलंत तर हवा शिरते आणि टाचणीची भोकं पडतात. हातात तीन ते पाच मिनिटं असतात, एका वेळी पॅनलपुरतीच थोडी कालवा. घासायला लांब सपाट ठोकळा, नुसत्या हाताने घासलं की बोटांच्या लाटा पडतात. ८०, मग १८०, मग ३२०. आणि पाणी लावून घासायचं नाही! लांबी पाणी पिते, वर प्रायमर बसला की ते पाणी आत कोंडलं जातं, आणि मग काय होतं ते तुम्ही पहिल्याच परिच्छेदात वाचलंय.

८. प्रायमर, सीलर आणि आतलं मेण

मेण-ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने दोन फडक्यांनी पुसा, एकाने ओलं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. मग इपॉक्सी प्रायमर, आत हात पोचेल तिथे आतूनही. साध्या राखाडी प्रायमरवर गाडी महिनाभर बाहेर उभी करू नका, तो ओल शोषतो, इपॉक्सी मात्र ओल अडवतो. जोडांवर सीम सीलर (जोडाची फट बुजवणारी पेस्ट), पण उघड्या पत्र्यावर नाही, इपॉक्सीवर.

आतल्या पोकळ जागांसाठी कॅव्हिटी वॅक्स, तेही रंग पूर्ण झाल्यावर, कारण त्याचा एक थेंब पॅनलवर पडला की रंग तिथे धरत नाही. लांब नळीला चारी बाजूंनी फवारणारी चोच लावून सिलच्या टोकापर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत मागे ओढायची. दारात, कमानींच्या आतल्या घडीत, हेडलाइटच्या मागे, आणि ज्या वेल्डच्या मागे तुमचा हात गेला नाही अशा प्रत्येक जागी. वेल्डच्या मागचं प्रायमर जळून गेलेलं असतं, पुढचा गंज तिथूनच सुरू होणार. उबदार दिवस निवडा, मेण पातळ होऊन फटीत शिरतं.

खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, रात्रभर ठिबकत राहतं. सकाळी एक बारीक तार घ्या आणि दारांच्या आणि सिलच्या खालचं प्रत्येक भोक उघडं आहे ना ते तार घालून बघा, मेणाने बुजलं असेल तर मोकळं करा.